ओतलेलं आणि उरलेलं

नागावात, समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर, मकरंदची वडिलोपार्जित वाडी आहे. नारळ, पोफळी, मधोमध जुनी विहीर आणि कौलारू घर. वडील गेल्यावर वाडी विकायची नाही असा शब्द त्याने आईला दिला होता. पण वाडी राखायची तर तिचा खर्च तिनेच काढायला हवा होता. म्हणून घरामागे त्याने चार खोल्या वाढवल्या, आणि नारळांची सावली पोचत नाही अशा मोकळ्या जागी पोहण्याचा पूल बांधला. दहा मीटर लांब, चार मीटर रुंद, एका टोकाला तीन फूट आणि दुसऱ्या टोकाला पाच फूट खोल. पाणी सुमारे ५०,००० लिटर. शनिवारी सकाळी मुंबईची माणसं भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला उतरायची आणि दुपारच्या आत त्यांची पोरं मकरंदच्या पुलात असायची.

पूल बांधून देणाऱ्याने जाताना पांढऱ्या गोळ्यांचा डबा दिला, गोळी ठेवायचा तरंगता फ्लोटर दिला आणि पाणी तपासायचं एक किट दिलं. गोळी हळूहळू विरघळते, क्लोरीन सुटत राहतो, तुम्हाला वेगळं काही करावं लागत नाही, असं त्याने सांगितलं. मकरंद राहायला ठाण्यात, नोकरीला पवईत. 'वेगळं काही करावं लागत नाही' हे ऐकून तो निर्धास्त झाला. शेजारच्या वाडीतला गणेश, बारावी झालेला कष्टाळू मुलगा, देखभालीला ठेवला. फिल्टर चालवायचा, पाला काढायचा, गोळी संपली की दुसरी ठेवायची. दोन वर्षं सुरळीत गेली. पाणी निळं दिसत होतं, आणि निळं दिसतंय म्हणजे चांगलं आहे असं दोघंही धरून चालले.

तिसऱ्या वर्षीच्या मे महिन्यात पाणी बिघडलं.

एका रविवारी अठरा माणसं दिवसभर पाण्यात होती. अंगाला तेल, सनस्क्रीन, घाम, आणि आधी अंघोळ कुणाचीच नाही. संध्याकाळी पाणी गढुळलं, क्लोरीनचा उग्र वास सुटला, मुलांचे डोळे लाल झाले. एका पाहुण्याने फोन करून सांगितलं, "तुमच्या पुलात क्लोरीन फार झालाय." मकरंदला ते पटलं. वास येतोय म्हणजे जास्तच असणार. त्याने गणेशला फोन केला, "दोन दिवस गोळी काढून ठेव."

मंगळवारी पायऱ्यांवर हात फिरवला की बुळबुळ लागायला लागली. बुधवारी पाण्यावर हिरवी झाक आली. मकरंदने दुसरा फोन केला, "दाणेदार पावडरचा डबा आहे ना? दोन किलो टाक." गणेशने टाकली. गुरुवारी सकाळी त्याने किटमधल्या नळीत पाणी घेतलं, तपासणीची गोळी चुरली आणि हलवलं. क्लोरीन असेल तर पाणी गुलाबी व्हायला हवं होतं. झालं नाही.

"दादा, शून्य दाखवतंय."

"मग आणखी एक किलो टाक."

शुक्रवारीही शून्यच. पाणी मात्र लख्ख निवळलं होतं, म्हणून शनिवारच्या पाहुण्यांना कुणी अडवलं नाही. सात वर्षांची एक मुलगी दहा मिनिटांत रडत बाहेर आली. अंगाला खाज, डोळ्यांची आग. तिच्या आईचा पोहण्याचा गडद निळा पोशाख संध्याकाळपर्यंत जागोजागी विटला होता. मकरंदने त्या कुटुंबाचे सगळे पैसे परत केले, हात जोडून माफी मागितली आणि सोमवारी रजा टाकून नागावला आला.

गणेशने तोवर आपल्या चुलत आजोबांना बोलावून आणलं होतं. गाव त्यांना नाना म्हणतं. नानांनी उभी हयात पाण्यात काढलेली. आधी नळयोजनेवर पाणी सोडायला होते, पुढे ग्रामपंचायतीचे जलसुरक्षक झाले. विहिरीत आणि टाकीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर घालायची, घरोघरच्या नळांवर क्लोरीन बघायची ओटी टेस्ट करायची आणि वहीत लिहायचं, हे काम त्यांनी निवृत्त होईपर्यंत केलं. पोहण्याचा पूल त्यांनी कधी सांभाळला नव्हता.

ओट्यावर बसल्या बसल्या त्यांनी विचारलं, "मकरंद, पाण्यात औषध किती आहे?"

"तीन किलो टाकलंय, नाना."

"टाकलं किती ते नाही विचारलं. आहे किती?"

मकरंदला उत्तर देता आलं नाही. नाना उठले. येताना पंचायतीतल्या पोराकडून त्यांनी ओटीच्या द्रावणाची बाटली मागून आणली होती. पुलाच्या काठावर उकिडवं बसून त्यांनी कोपरापर्यंत हात पाण्यात घातला आणि नळी खालून भरून घेतली. "वरवरचं पाणी घेऊ नये," ते गणेशला म्हणाले. नळीत ओटीचे थेंब सोडले. नळाच्या पाण्यात ओटी फिकट पिवळी होते. क्लोरीन वाढेल तसा रंग गडद होत जातो. नानांच्या नळीतलं पाणी पिवळं झालंच नाही, एकदम तांबूस नारिंगी झालं.

"हे शून्य नव्हे," नाना म्हणाले. "हे तर मोजमापाच्या पलीकडे गेलंय. आता तुझ्या किटची गोळी टाक, आणि नळीवरची नजर काढू नकोस."

गणेशने गोळी टाकली. क्षणभर गुलाबी रंग चमकला आणि बघता बघता पुसला गेला. एरवी तो नळी बंद करून, हलवून मग बघायचा, त्यामुळे तो क्षण त्याला कधी दिसलाच नव्हता. नानांनी विहिरीचं पाणी मागवलं, त्यात औषधाचा अंश नव्हता. नऊ भाग विहिरीचं पाणी आणि एक भाग पुलाचं असं मिसळून पुन्हा गोळी टाकायला लावली. या वेळी रंग आला आणि टिकला. तक्त्याशी लावला तर अडीचच्या जवळपास. दहाने गुणलं, पंचवीस पीपीएम, म्हणजे दहा लाख भाग पाण्यात पंचवीस भाग क्लोरीन. पोहण्याच्या पाण्यात क्लोरीन एक ते तीन पीपीएम असावा लागतो. क्लोरीन दहाच्या वर गेला की किटमधलं रसायन रंग धरतं आणि तोच क्लोरीन तो रंग पुसून टाकतो. तिथे माणूस शून्य वाचतो आणि आणखी ओततो.

"म्हणजे किटने आपल्याला फसवलं," मकरंद म्हणाला.

"किटने नाही फसवलं. त्याला पेलणार नाही एवढं आपण त्याच्यापुढे धरलं. ओटीचीही खोड आहे. ती सगळाच क्लोरीन पिवळा दाखवते, कामाचा आणि बिनकामाचा. म्हणून नुसता रंग बघून भागत नाही. हा रंग कशामुळे आला, हे विचारावं लागतं."

'बिनकामाचा क्लोरीन' हे मकरंदला नवीन होतं. किटसोबतची माहितीपत्रिका दोन वर्षं घडीतच पडून होती. त्याने ती उलगडून वाचली. किटमध्ये गोळ्यांच्या दोन पट्ट्या होत्या आणि दुसरी पट्टी कुणी फोडलीच नव्हती. पहिली गोळी मोकळा क्लोरीन दाखवते. तिच्यावर दुसरी टाकली की एकूण क्लोरीन कळतो. दोन्हींतली वजाबाकी म्हणजे घाम, लघवी आणि अंगावरचा मळ यांच्याशी जोडला गेलेला क्लोरीन. हा जोडलेला क्लोरीन जंतू मारायला जवळजवळ निरुपयोगी असतो, आणि उग्र वास येतो, डोळे चुरचुरतात ते त्याच्यामुळे. मोकळ्या क्लोरीनचं प्रमाण नीट असलेल्या पुलाला फारसा वास येत नाही.

मकरंद पत्रिका हातात धरून बराच वेळ गप्प होता. त्या रविवारी वास आला तो क्लोरीन जास्त झाल्यामुळे नव्हे. मोकळा क्लोरीन संपत आला होता म्हणून. आणि नेमक्या त्याच वेळी त्याने गोळी काढायला सांगितली होती.

"विहिरीचंही असंच," नाना म्हणाले. "मी कामाला लागलो तेव्हा वरच्या अंगाला एक गाव होतं. तपासणीला माणूस यायचा असला की आदल्या रात्री विहिरीत पिशवीच्या पिशवी ओतायचे. दुसऱ्या दिवशी पाण्याला वास, तोंड वाकडं होईल अशी चव. मग बायका विहीर सोडून ओढ्याचं पाणी भरायच्या, आणि ओढ्याचं पाणी पिऊन पोरं जुलाबाने आजारी पडायची. पुढचे आठ दिवस विहिरीत कणभर पावडर नसायची. वहीत मात्र महिन्याची पावडर बरोबर खपलेली."

"मग तुम्ही काय केलंत?"

"रोजच्या रोज थोडं. हजार लिटरला अडीच ग्रॅम. आधी बादलीत कालवायची, मग पाणी घालून दहा मिनिटं ठेवायची. चुना तळाला बसतो. वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घ्यायचं, ती बादली दोराने विहिरीत पाण्याखाली सोडायची आणि खालीवर हलवायची. तासाभराने ओटी बघायची. शेवटच्या घरच्या नळाला ०.२ पीपीएम उतरलं पाहिजे, साथीच्या दिवसांत ०.५. विहिरीत किती घातलं त्याला किंमत नाही. शेवटच्या घरी किती पोचलं, त्यावर पोरं आजारी पडतात का नाही ते ठरतं. पाण्यात घाण असली तर घातलेलं सगळं तीच खाऊन टाकते. तिचं पोट भरल्यावर जे उरतं ते माणसाच्या कामाचं."

गणेशला एक कल्पना सुचली. "नाना, पंचायतीत टीसीएलच्या गोण्या आहेत. तीच वापरली तर?"

नाना त्याच्याकडे बघून म्हणाले, "ती गावाच्या पिण्याच्या पाण्याची आहे. तिच्यातला चिमूटभरसुद्धा बंगल्याच्या पुलाला लागायचा नाही. आणि तिचा चुना तुझं पाणी दुधाळ करील, ते वेगळंच."

त्याच दिवशी मकरंदने पुढच्या तीन आठवड्यांच्या पाहुण्यांना कळवलं की पूल बंद आहे. काहींनी बुकिंग रद्द केलं. हंगामातले ते सगळ्यात कमाईचे दिवस होते, पण आजारी पाण्यात पुन्हा कुणाचं लेकरू उतरवायचं नाही हे त्याने ठरवलं होतं. नानांनी गणेशला शंभर पानी वही दिली. रोज सूर्य मावळल्यावर एकदा मोजायचं, रोज उजाडायच्या आत एकदा मोजायचं. तारीख, वेळ, मोकळा क्लोरीन, एकूण क्लोरीन, पीएच. बाकी काही लिहायचं नाही.

"दोनदा कशाला?" मकरंदने विचारलं.

"दिवसा ऊन खातं. रात्री ऊन नसतं. संध्याकाळी होता तेवढा सकाळी राहिला, तर पाणी स्वच्छ आहे. रात्रीतून कमी झाला, तर खाणारं पाण्यातच कुठेतरी बसलंय."

दहा-बारा दिवसांत क्लोरीन आपोआप उतरत खाली आला. एका संध्याकाळी वहीत ६ लिहिलं गेलं आणि पहाटे ४. रात्रभराच्या अंधारात दोन पीपीएम गेला होता. स्वच्छ पाण्यात रात्रीची घट एकच्या आत राहायला हवी. पाणी तर आरशासारखं दिसत होतं. गणेशने भिंती घासल्या, पाला अडवणाऱ्या स्किमरची टोपली उलटीपालटी करून बघितली, शिडीचे पाय तपासले. शेवटी मेन स्विच बंद करून पाण्याखालच्या दिव्याची चकती सोडवली. दिव्यामागच्या खोबणीत, जिथे फिल्टरचा प्रवाह पोचत नाही तिथे, शेवाळाचा बोटभर जाड थर होता. बाहेरून एक हिरवा ठिपकाही दिसत नव्हता.

शेवाळ खरवडता खरवडता गणेश म्हणाला, "शिमग्याच्या सुमारास मला शिडीच्या मागे बुळबुळ लागली होती."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

गणेश घुटमळला. "दादा, तुमचा फोन येतो तो तक्रार आली की. मी होऊन सांगितलं असतं, तर मी काम करत नाही असं तुम्हाला वाटलं असतं."

मकरंद काही बोलणार तेवढ्यात नाना म्हणाले, "दिवाळीला तू त्याला बोनस देतोस, कपडे देतोस, हे सगळं गाव सांगतं. पण फाल्गुनातल्या एखाद्या साध्या मंगळवारी त्याला विचारतोस का, आज पाणी कसं आहे? त्याने ही गोष्ट तीन महिने मनात ठेवली. तुझ्यापाशी येऊन सांगावी एवढा धीर त्याच्याकडे उरला नव्हता."

मकरंदने ते ऐकून घेतलं. त्या दिवसापासून त्याचा फोन रोज संध्याकाळी यायला लागला. प्रश्न तोच असायचा, 'आज किती?' आकडा वाईट आला तरी आवाज चढवायचा नाही, हे त्याने कटाक्षाने पाळलं.

दिव्यामागचं शेवाळ गेल्यावर रात्रीची घट अर्ध्यावर आली. पण एक कोडं बाकी होतं. एप्रिलमध्ये गणेश अधूनमधून मोजायचा तेव्हा मोकळा क्लोरीन दोन-तीन दिसायचा. मग दोन-तीन क्लोरीन असताना शेवाळ धरलं कसं?

त्याचं उत्तर गोळ्यांच्या डब्यावरच छापलेलं होतं, ट्रायक्लोरो आयसोसायन्युरिक ॲसिड. ही गोळी विरघळते तेव्हा क्लोरीनबरोबर सायन्युरिक ॲसिडही पाण्यात सोडते. त्यालाच बाजारात स्टॅबिलायझर म्हणतात. उघड्या पुलाला ते थोडं हवंच. ते नसेल तर भर दुपारच्या उन्हात तासाभरात निम्मा क्लोरीन उडून जातो. पाण्यात ते ३० ते ५० पीपीएम असलं की क्लोरीन उन्हात तग धरतो. पण क्लोरीन खर्च होतो, उडतो, संपतो. स्टॅबिलायझर कुठेच जात नाही. दोनशे ग्रॅमच्या एका गोळीतून सुमारे ११० ग्रॅम सायन्युरिक ॲसिड पाण्यात पडतं आणि तिथेच राहतं. गोळीमागून गोळी, महिन्यामागून महिना ते साठत जातं. दाणेदार पावडरही त्याच जातीची होती.

किटच्या तळाशी एक नळी होती. तिच्या बुडाला काळा ठिपका. ती कशासाठी आहे हे कुणी विचारलंच नव्हतं. आता मकरंदने पत्रिका वाचत वाचत ती वापरली. पुलाच्या पाण्यात रसायन घातलं की ते दुधासारखं पांढुरकं होतं. ते नळीत थोडं थोडं ओतत जायचं आणि वरून ठिपका दिसायचा कधी थांबतो ते बघायचं. नळी जेमतेम भरायला लागली आणि ठिपका गडप. आकडा तक्त्याच्या बाहेर. पाणी निम्मं करून पुन्हा मोजलं, ८० आलं. म्हणजे पुलात १६० होतं.

नानांनी हे सगळं समजून घेतलं. त्यांच्या विहिरींना या गोष्टीची कधी गरज पडली नव्हती. थोडा विचार करून ते म्हणाले, "म्हणजे असं की गाय भटकू नये म्हणून तिला दावं बांधायचं. एक दावं ठीक. तुम्ही रोज एक नवं दावं बांधत गेलात. गाय गोठ्यात आहे, मोजली तर भरतेही. पण तिला मान हलवता येत नाही, ती चरणार कशी?"

क्लोरीन होता. किटमध्ये दिसतही होता. पण त्यातला फार थोडा शेवाळाशी झुंजायला मोकळा होता.

जास्तीचं स्टॅबिलायझर कमी करायला घरगुती पुलात एकच भरवशाचा उपाय, पाणी बदलणं. मकरंदला घाई झाली होती. "एका दिवसात सगळं पाणी सोडून देऊ आणि नवीन भरू." मे संपत आला होता, विहीर तळाला गेली होती. नाना म्हणाले, "आत्ता पन्नास हजार लिटर उपसलंस तर शेजारच्या वाड्यांनी प्यायचं काय? पाऊस येऊ दे. कोकणात पाणी विकत घ्यायची पाळी का यावी?"

मृग कोसळला. आठवड्याभरात विहीर निम्मी वर आली. मकरंदने पुन्हा सगळा पूल रिकामा करायचा विषय काढला, तेव्हा नाना त्याला विहिरीच्या काठावर घेऊन गेले. "हे पाणी बघ किती वर आलंय. जमिनीखालीही तेवढंच चढलंय, ते पुलाच्या बुडाला खालून रेटा देतंय. पूल भरलेला आहे तोवर आतलं वजन त्याला दाबून धरतं. रिकामा केलास तर खालचं पाणी अख्खा पूल उचलील, नाहीतर तळ तडकेल. एक तृतीयांश काढायचं. पावसाला भरू द्यायचं. मग पुन्हा एक तृतीयांश."

तसंच केलं. पाणी सोडण्याआधी त्यात हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, घालून क्लोरीन शून्यावर आणला, गणेशने तो मोजून खात्री केली, आणि मगच विहिरीपासून लांबच्या चरात पाणी सोडलं. पहिल्या फेरीनंतर १६० चं १०७ झालं, दुसऱ्या फेरीनंतर ७१, तिसऱ्या फेरीनंतर ४७. यात जवळजवळ एक महिना गेला. घाईने एका दिवसात जे मोडलं असतं, ते सबुरीने महिन्याभरात मार्गी लागलं.

त्यानंतर गोळ्या बंद केल्या. आता गणेश लिक्विड क्लोरीन, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट वापरतो. ते स्टॅबिलायझर वाढवत नाही. त्याचा हिशेब नानांनी वहीच्या पहिल्या पानावर लिहून दिला आहे. ५०,००० लिटर पाण्यात एक पीपीएम वाढवायचा तर ५० ग्रॅम क्लोरीन लागतो, म्हणजे दहा टक्क्यांचं ताजं लिक्विड अर्धा लिटर. ते ऊन उतरल्यावर, फिल्टर चालू असताना, पाणी पुलात शिरतं त्या तोंडापाशी हळूहळू ओतायचं. संध्याकाळचा आकडा दोन असला आणि तीन हवा असला तर अर्धा लिटर. तीन असला तर काही नाही. "काही नाही" हेसुद्धा वहीत लिहायचं.

लिक्विड क्लोरीन उन्हात आणि साठवणुकीत आपली ताकद गमावतं, म्हणून पंधरा दिवसांपुरतंच आणायचं आणि सावलीत ठेवायचं. टीसीएलचंही तेच असतं. नवी असताना पावडरीत तेहतीस टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतो, तो वीसच्या खाली गेला की ती पावडर पिण्याच्या पाण्याला चालत नाही. पीएच ७.२ ते ७.८ च्या मधे राखायचा. पीएच साडेसातला असतो तेव्हा क्लोरीनचा साधारण निम्मा भाग जोरकस रूपात असतो आणि आठला तो पाव भाग राहतो. नागावच्या विहिरीचं पाणी जड, त्यामुळे पीएच वर सरकतो आणि अधूनमधून थोडं ॲसिड लागतं. ते ॲसिड आणि लिक्विड क्लोरीन एका कपाटात नाही, एका मापाने नाही, एका वेळी नाही, हे नानांनी गणेशकडून तीनदा म्हणवून घेतलं. दोन्ही एकत्र आले तर विषारी वायू सुटतो. उरलेल्या गोळ्या आणि पावडर यांनाही वेगळी कोरडी जागा आणि वेगळी मापं. दुसऱ्या जातीची क्लोरीन पावडर त्यांच्यात मिसळली तर आग लागू शकते.

पुलाच्या वाटेवर मकरंदने शॉवर बसवला. अंघोळ केल्याशिवाय पाण्यात उतरायचं नाही, हे तो पाहुण्यांना बुकिंगच्या वेळीच सांगतो. गर्दीच्या शनिवारी गणेश दुपारीही एकदा मोजतो, कारण अठरा माणसांचं पाणी आणि दोन माणसांचं पाणी सारखं नसतं.

ऑक्टोबरच्या उन्हात या सगळ्याची परीक्षा झाली. दिवाळीच्या सुट्टीत पाच दिवस पूल पाहुण्यांनी भरलेला होता. संध्याकाळचे आकडे २, २.५, २, १.५, २. सकाळचे त्याहून थोडे वर, कारण रात्री दिलेलं रात्रीत संपत नव्हतं. कुणाचे डोळे लाल झाले नाहीत. वास आला नाही. वर्षभराचा खर्च जुळवला तेव्हा रसायनांवर आधीपेक्षा कमी पैसे गेले होते. जास्त काही गेलं असेल तर रोजची दहा मिनिटं.

गणेशला आता आजूबाजूच्या बंगल्यांतून बोलावणं येतं. जायच्या आधी तो फोनवर विचारतो, "पाण्यात आत्ता किती आहे?" समोरून बहुतेक वेळा उत्तर येतं, परवाच दोन किलो टाकलंय. मग तो किट आणि एक कोरी वही घेऊन निघतो.

तात्पर्य सरळ आहे. ओतणं सोपं असतं. ओतल्याचं समाधान मिळतं, पावती मिळते, चारचौघांत सांगता येतं. पण पाण्याचं रक्षण ओतलेल्याने होत नाही, खर्च होऊन मोकळं उरलेल्याने होतं. ते उरलेलं डोळ्यांना दिसत नाही, वासावरून कळत नाही, ते मोजावंच लागतं. संकटाच्या दिवशी तीन किलो आणि एरवी काहीच नाही, ही काळजी नव्हे. राखणीसाठी आणलेली गोष्ट हिशेब न ठेवता वाढत गेली, तर तीच कामाच्या गोष्टीला जखडून टाकते. आणि माणसांच्या बाबतीतही सणावारी दिलेल्या मोठ्या देणगीपेक्षा रोजची साधी विचारपूस अधिक टिकते.

घरी पूल असेल, सोसायटीत असेल, नाहीतर गावात नुसती पाण्याची टाकी असेल, ती सांभाळणाऱ्याला आज एवढंच विचारा, पाण्यात आत्ता किती उरलंय? उत्तर आकड्यात आलं तर त्याचे आभार माना. किलोत आलं तर काहीही ओतण्याआधी मोजा, आणि उद्या त्याच वेळी पुन्हा मोजा.